कल्याणच्या वाटेवर सहा हजार पायडल

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि घोड नदीवर बोट ठेवा. भीमाशंकरच्या डोंगररांगेत ती उगम पावते, डिंभ्याच्या धरणात थोडी विसावते आणि आंबेगाव तालुक्यातून वाहत वाहत भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. जुन्नर तालुक्यातल्या मीना आणि कुकडी या दोघीही शेवटी घोडमध्येच येतात. म्हणजे गंमत बघा. आमच्या ताईच्या निरगुडसरच्या मळ्यात पडलेला पाऊस हजाराहून जास्त किलोमीटर प्रवास करून पूर्वेच्या समुद्राला जातो. पश्चिमेचा अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत सव्वाशेच किलोमीटर आहे, पण पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं! मध्ये सह्याद्रीची भिंत आहे ना.

माणसांनी मात्र ती भिंत ओलांडली. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात पैठणहून निघालेले व्यापारी जुन्नरला यायचे, तिथून नाणेघाट उतरून कोकणात जायचे आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत माल जहाजांवर चढवायचे. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या एका जुन्या प्रवासपुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे.

आणि मी राहतो कल्याणला. दर भाऊबीजेला एस.टी.नं मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असं करत नारायणगावला उतरतो आणि तिथून निरगुडसरला ताईकडे येतो. त्यामुळे भाचीच्या लेखी मी ‘कल्याणचा मामा’. ती यंदा आठवीत आहे. समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकात नाणेघाटाचं चित्र पाहिल्यापासून तिचं एक टुमणं सुरू होतं, “मामा, ती बैलांची वाट जर कल्याणला जात होती, तर सायकल का नाही जाणार?”

गेल्या दिवाळीत मात्र मी गेलो तर तिनं हा विषयच काढला नाही. बाईसाहेब गप्प गप्प. पडवीत पाहिलं तर तिची सायकल खुंट्यांना टांगलेली, वर गोणपाट टाकलेलं.

कारण कळायला वेळ लागला नाही. तिचा मळा शाळेपासून दोन-अडीच किलोमीटर. रस्ता उसातून जातो. गणपतीच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला भर संध्याकाळी रस्त्यात बिबट्या दिसला, आणि त्याच आठवड्यात वाड्यातली एक शेळी गेली. तेव्हापासून दाजी तिला मोटारसायकलवर शाळेत सोडतात, आणायला दुसऱ्या कुणाचा तरी बाबा जातो. ज्या दिवशी दोघांनाही वेळ नसेल त्या दिवशी शाळा बुडते. दिवाळीपर्यंत तिचे नऊ दिवस बुडाले होते. तिनं दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या होत्या.

शहरातल्या वाचकांना हे थोडं सांगायला हवं. आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत : डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. त्यांच्या कालव्यांनी पाणी आलं, पाण्यानं ऊस आला. उसाचं रान म्हणजे बिबट्याला जंगलच. सावली, पाणी, खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. माद्या तिथंच पिल्लं घालतात. त्या पिल्लांनी डोंगरातलं जंगल कधी बघितलेलंच नसतं. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले खूप वाढले. विद्या अत्रेय या अभ्यासिकेनं त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला, तेव्हा असं दिसलं, की पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडल्यानं हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथं जागा तरी किती पुरणार? म्हणजे बिबट्या काही लगेच कुठं जाणार नाही. ताईची भीती अगदी खरी होती. हल्ल्यात मुलं दगावलेली आहेत. तिला कुणी ‘भित्री’ म्हणालं असतं तर मीच भांडलो असतो.

तरी पण टांगलेली सायकल बघवत नव्हती. आठवीतल्या मुलीची सायकल टांगली, की हळूहळू शाळाही टांगली जाते, हे मी पाहिलेलं आहे.

रात्री जेवताना मी विषय काढला. “ताई, हिला मी नाणेघाटापर्यंत घेऊन जातो. सायकलवर. तीन दिवस.”

ताईनं पोळी तव्यावरच ठेवली. “शाळेत जायला बंदी आणि नाणेघाटाला जायला मोकळीक?”

बरोबरच होतं तिचं. पण तिचे सासरे, आमचे तात्या, मध्ये पडले. तात्या ऐन तारुण्यात सायकलवर दूध घालायचे. ते म्हणाले, “दिवसा जातील. मी सांगतो तसं जायचं. सूर्य हातभर वर आला की निघायचं, हातभर वर असतानाच मुक्कामाला पोचायचं. एकानं पुढं, एकानं मागं असं लांब पडायचं नाही. लघवीला म्हणून कुणी उसात शिरायचं नाही. आणि मुक्काम जुन्नरला, पोरीच्या आत्याकडं. कबूल?” आम्ही दोघं एकदम “कबूल!” म्हणालो. ताई काही बोलली नाही, पण सकाळी शेंगदाण्याची चटणी आणि सहा भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या होत्या.

तयारी फार नव्हती. माझ्यासाठी तात्यांची दांडीची सायकल आणि भाचीची विनागिअरची सव्वीस इंची. पंक्चरचं सामान, पाना, हवेचा पंप, दोन ट्यूब. हेल्मेट मी कल्याणहून आणलं होतं. निघण्यापूर्वी आम्ही एक हिशेब केला, तो तुम्हीही तुमच्या सायकलवर करून पाहा. पुढच्या दातेरी चाकाचे दाते मोजले, ४४. मागच्याचे १८. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरलं, की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. चाकाला खडूची खूण करून ते अंगणात एक फेरी चालवलं, तेव्हा दोन मीटर आणि वर चार बोटं अंतर भरलं. गुणाकार भाचीनं केला. एका पायडलला पाच मीटर! जुन्नर ते नाणेघाट तीसेक किलोमीटर. “मामा, सहा हजार पायडल,” ती म्हणाली. उतारावरचे फुकटचे धरले नाहीत आम्ही.

पहिल्या दिवशी मंचरचा हमरस्ता मुद्दाम टाळला. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या शेजारून सायकल चालवण्यात काय शहाणपण? घोड ओलांडली आणि रांजणीच्या अंगानं आतल्या रस्त्यांनी नारायणगावकडे निघालो. थापलिंगचा खंडोबाचा डोंगर बराच वेळ दिसत राहिला.

अशा रस्त्यावर सायकलचा आवाज जवळजवळ नसतोच. चेनची थोडी कुरकुर, टायरखाली खडी चिरडल्याचा बारीक आवाज, बस. त्यामुळे बाकीचं सगळं ऐकू येतं. विहिरीवरची मोटर, कांद्याच्या वाफ्यात पाणी देणाऱ्या बाईची हाक, कालव्यावर खंड्याची चिरकी आरोळी. वास तर विचारू नका! कुठं ओल्या मातीचा, कुठं शेणाचा, कुठं नुकत्याच तोडलेल्या उसाचा गोडसर. मोटारसायकलवर बसलं की हे सगळं वाऱ्यात वाहून जातं. दोन्हीकडं पुरुषभर ऊस आला, की भाची घंटी वाजवायची आणि मोठ्यानं पाढे म्हणायची. सतराच्या पाढ्यात अडकली की मी पुढं म्हणायचो.

एका बांधाजवळ माझ्या मागच्या चाकातली हवा फुस्स झाली. बाभळीचा काटा! तात्यांच्या सायकलचं टायर काढणं म्हणजे म्हशीच्या पायातून साखळी काढण्यासारखं काम. ट्यूब पाण्यात धरायला भांडं नव्हतं, तर पाटाच्याच पाण्यात धरली. बुडबुडे दिसले, कानस मारली, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबलं. हे सगळं भाचीनं केलं. मी नुसता टायर धरून बसलो होतो, कारण तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

नारायणगावबद्दल फार लिहीत नाही. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या फडांचं गाव म्हणून तुम्ही ऐकलं असेल. जवळच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यासाठी वेगळी सहल हवी. आम्ही मीनाकाठी भाकरी खाल्ली आणि चार वाजता जुन्नरला पोचलो. सूर्य हातभर काय, चांगला दोन हात वर होता. समोर शिवनेरी उभा. शिवाजीमहाराज तिथं १६३० साली जन्मले हे तुम्हाला माहीतच आहे. पण जुन्नर त्याच्याही आधी दीड हजारावर वर्षं गजबजलेलं होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. अष्टविनायकातला लेण्याद्रीचा गणपती तुम्ही पाहिला असेल. तोही मूळच्या बौद्ध लेण्यातच बसलेला आहे.

या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतलं मला सर्वांत आवडतं ते एका यवनाचं, म्हणजे ग्रीकांच्या मुलखाशी नातं असलेल्या माणसाचं. इरिल त्याचं नाव. त्यानं काय दान दिलं असेल? सोनं? मूर्ती? नाही. दोन पोढ्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं! रात्री आत्याच्या गच्चीवर मी ही गोष्ट सांगितली, तर भाची म्हणाली, “त्याला पण इथं येईस्तोवर तहान लागली असेल.” इतिहासाच्या कुठल्या ग्रंथात हे लिहिलेलं नाही, पण दिवसभर सायकल चालवलेल्या माणसाला ते पटकन सुचतं खरं.

दुसऱ्या दिवशी आमची खरी वाट सुरू झाली. जुन्नरहून पश्चिमेला निघालं, की आपण कुकडीच्या उलट दिशेनं, तिच्या उगमाकडे जात असतो. तासाभरात रान बदलायला लागतं. ऊस संपला, कांदा संपला, द्राक्षाचे मांडव तर केव्हाच मागं पडले. आपटाळ्याच्या पुढं रस्ता डोंगरात शिरला आणि भाताची खाचरं सुरू झाली. घाटमाथ्याकडं पाऊस वाढत जातो आणि पीक त्याप्रमाणं बदलतं, हे भूगोलात शिकलेलं होतं. पण तीस किलोमीटरच्या आत ते पायाखालून सरकताना बघायचं म्हणजे सायकलच हवी. डोंगरउतारावर हिरड्याची झाडं होती. हिरडा औषधात लागतो. तो गोळा करून विकणं हा इथल्या महादेव कोळी घरांचा मोठा आधार आहे.

चढ लागला. विनागिअरच्या सायकलला चढावर दोनच उपाय. उभं राहून मारा, नाहीतर उतरून ढकला. आम्ही दोन्ही केले. चावंडचा किल्ला डोक्यावर आला तेव्हा भाचीचे गाल टोमॅटोसारखे झाले होते. “किती झाले?” मी विचारलं. “तीन हजार एकशे. मध्ये ढकललेले सोडून.” ती खरंच मोजत होती! शंभर झाले की खिशातला एक शेंगदाणा खायचा, अशी तिची पद्धत. एकतीस शेंगदाणे झाले होते.

रस्त्याकडेच्या दगडावर बसून पाणी पिताना मी तिला सांगितलं, की जुन्नर इथं का वसलं असेल ते आता तुझ्या पायांना विचार. बैलांचा तांडा तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. घाट चढून आलेल्या बैलांना चारा, पाणी, विसावा हवा. मालाची मोजदाद व्हायला हवी. घाटमाथ्यापासून दीड-दोन दिवसांच्या चालीवर, नदीकाठी, सपाटीवर असं एक मोठं ठाणं लागणारच. आणि वाटेवर पहारा हवा म्हणून जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले. ती बराच वेळ किल्ल्याकडं बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे कुणी एकटं जातच नव्हतं.”

“एकटा बैल घेऊन कोण जाईल? चोर आहेत, वाघ आहेत.”

ती काहीच बोलली नाही. शेंगदाणा तेवढा खाल्ला.

घाटघरला भात झोडायचं काम चाललं होतं. खळ्यावरच्या एका आजींनी आम्हाला हाक मारली, सावलीत बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. “कुठून आलं म्हणायचं?” निरगुडसर म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “ह्या पोरीनं सायकल आणली? इथपोत?” मग त्यांची गाडी सुरू झाली. त्या लहानपणी हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन नाळेनं खाली कोकणात वैशाखऱ्याकडं उतरायच्या आणि मीठमिरची घेऊन चढून यायच्या. भाचीनं विचारलं, “आजी, वाघाची भीती नाही वाटायची?” आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात.

“भ्या का नाय वाटायचं? वाघ तवाबी व्हता. पण आमी दहा-पंधरा जणी मिळून जायचो. पुढं एक म्हातारी, मागं एक म्हातारी, मधी पोरी. आन् तोंड मिटून नाय चालायचं. बोलत ऱ्हायचं. जनावराला कळाया पायजे, माणसं आली.”

भाचीनं पेन काढलं आणि तळहातावर काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

नाणेघाट! सायकली माथ्यावर लावल्या. तिथं दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून पुढं दोन कड्यांच्या मधून खाली उतरणारी दगडी वाट आहे. थोडं उतरलं की उजेड बदलतो, वारा खालून वर अंगावर येतो. समोर सगळं कोकण उघडं. एका बाजूला नानाच्या अंगठ्याचा कडा, दुसऱ्या बाजूला जीवधन आणि त्याच्याशेजारचा वानरलिंगीचा सुळका. समुद्र दिसला का? नाही. धुरकट डोंगरांमागं डोंगर दिसले आणि खाली भाताची पिवळी ठिगळं. “तिकडं मुरबाड,” मी बोट दाखवलं, “त्याच्या पलीकडं माझं घर.” ती बराच वेळ त्या बोटाच्या दिशेनं बघत उभी होती. मग तिनं पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी मागच्या दगडावर ओतलं आणि थोडं पुढच्या. “हे बंगालच्या उपसागरात, हे अरबी समुद्रात.” दोन्ही पाणी तिथंच वाळलं म्हणा, पण तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही पाणलोटाच्या काठावर उभे होतो.

वाटेतल्या लेण्यात तो प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानाची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी. मागच्या भिंतीशी सिमुक, सातकर्णी, नागनिका अशा राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

पण आम्ही आलो होतो आकड्यांसाठी. या लेखातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी आहेत. मी वहीत चिन्हं काढून आणली होती. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन आडव्या रेघा. पण शून्य नाही! मग मोठी संख्या लिहायची कशी? दहाला वेगळं चिन्ह, ऐंशीला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. या लेखात २८९ ही संख्या आहे. ती तीन चिन्हांत लिहिलेली : दोनशे, ऐंशी, नऊ. एका ठिकाणी २४,४०० देखील आहेत. आपण मोठमोठ्या संख्या दहाच चिन्हांत लिहितो, कारण शून्य आणि स्थानिक किंमत नंतर आली. लेख जागोजाग झिजलेला आहे, त्यामुळे सगळं लागत नाही. अर्धा तास मान वर करून आमच्या माना अवघडल्या. वटवाघळांचा वास, दगडाचा गारवा आणि भाची पुटपुटतेय, “सहा हजार लिहायला किती चिन्हं लागतील?” हजाराचंच चिन्ह, त्याला सहाची जोड! वहीत पाहून ते तिनं स्वतः शोधून काढलं.

(लेण्यांत कुणी कुणी स्वतःची नावं खरडून ठेवतात. तुम्ही तसं कधीही करू नका. राणीच्या यादीत तुमचं नाव शोभत नाही.)

वाटेवरच्या टाक्यांत अजून पाणी आहे. पिण्याजोगं नव्हतं, पण तोंडावर मारायला छान गार. इरिलची आठवण झालीच.

परतीला दीड वाजला. तात्यांचा ‘हातभर सूर्य’ डोक्यात होता. येताना ज्या चढांनी रडवलं होतं, ते आता उतार झाले होते. ब्रेक धरून धरून हात दुखले. चावंडच्या खाली तिची चेन उतरली. मी वळेपर्यंत तिनं ती बसवून काळे हात गवताला पुसलेही होते. पावणेपाचला आत्याच्या दारात. तिसऱ्या दिवशी त्याच आतल्या रस्त्यानं घर. त्या दिवशी आम्ही दोघं जवळजवळ मुकाट चालवत होतो, फक्त उसाच्या पट्ट्यात पाढे चालू.

घरी पोचल्यावर ताईनं आधी मुलीला वर-खाली पाहिलं, मग मला. जेवण झाल्यावर भाचीनं वही काढली. तळहातावरचं त्यात उतरवलेलं होतं. आमच्या मळ्याच्या वाटेवरच्या वस्त्यांवर शाळेत जाणारी किती मुलं आहेत, त्यांची यादी. अकरा. कुणाकडं सायकल आहे, कुणाकडं नाही. पुढं एक मोठं माणूस, मागं एक मोठं माणूस, मध्ये मुलं. सकाळी उजाडल्यावर सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, उशीर झाला तरी थांबायचं. संध्याकाळी शाळा सुटली की रेंगाळायचं नाही. घंट्या वाजवायच्या, बोलत राहायचं. ज्यांच्याकडं सायकल नाही त्यांनी डबलसीट. कुठल्या दिवशी कोणाचे आई-बाबा येणार त्याचा तक्ता रिकामा ठेवला होता. वर नाव लिहिलं होतं : ‘तांडा’.

दाजी म्हणाले, “हे चालणार दोन दिवस.” तात्या म्हणाले, “दोन दिवस तर चालू दे.” ताई तक्त्याकडं बघत होती. “आणि उसाची तोडणी सुरू झाली की? तेव्हा तर जनावर बाहेर पडतं.”

“त्या दिवसांत मोटारसायकल,” भाची म्हणाली. “ते पण लिहिलंय, मागच्या पानावर.”

दिवाळीनंतर मी कल्याणला परत आलो. पंधरा दिवसांनी तिचा फोन. अकरापैकी आठ मुलांच्या घरून होकार आला होता. तिघांच्या घरून अजून नाही. एका घरी तर ‘पोरींनी सायकल हवीच कशाला’ असंही ऐकवलं गेलं. वनखात्याच्या माणसांनी येऊन रस्ता बघितला आणि ज्या वळणावर ऊस अगदी रस्त्याला टेकलाय तिथला पट्टा मोकळा करायला सांगितलं. शेतमालकानं दोन ओळी काढल्या. शाळेत एकही दिवस बुडला नव्हता.

“आणि मामा, मी मोजलं. घर ते शाळा चारशे ऐंशी पायडल. दोनच चिन्हं लागतात. चारशेचं आणि ऐंशीचं. मी मडगार्डवर काढलीत.”

“पहिल्या दिवशी पुढं कोण होतं?” मी विचारलं.

“आई.”

“आई? सायकलवर?” ताईनं लग्नानंतर सायकलला हात लावलेला मला आठवत नव्हता.

“तात्यांची दांडीची नको म्हणाली, माझी घेतली. मी डबलसीट बसले होते. पहिल्या वळणावर थोडी डुगडुगली.” मागून ताईचा आवाज आला, “डुगडुगले नाही, खड्डा होता!” आणि दोघींचं तिथंच भांडण सुरू झालं. मी फोन कानाला लावून ऐकत बसलो.